पऱ्हाटीपासूनचं बायो-ऑइल : नेमकं काय असतं त्यात?

काळी_कसदार
राम राम मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. कापूस निघाला की आमच्याकडे पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, प्रश्न उभा राहतो. थोडी सरपणाला जाते, बाकीची चिमट्याने उपटून बांधावर पेटवतात. शेतात उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून कृषी खातंही दरवर्षी फरदड (मुख्य वेचणीनंतरही कपाशी राखून घेतलेलं पीक) घेऊ नका म्हणून कानीकपाळी ओरडतं.

आता आमच्या शेतकरी कंपनीकडे एक माणूस यंत्राचा प्रस्ताव घेऊन आलाय. बंद ड्रममध्ये काडी भरायची, खालून तापवायची, चार-पाच तास ठेवायची. निघालेला धूर थंड करून 'बायो-ऑइल' गोळा होतं. दावा असा की टनाला 600 लिटर, आणि ते डिझेलला पर्याय. सोबत जीसी-एमएसचा (मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट दिलाय, त्यात तीसेक रसायनांची नावं आणि पुढे टक्के. बेरीज बरोबर 100.

एक बाटली नमुनाही दिला. गडद तपकिरी, वास धुराचा आणि नाकात झोंबणारा. थोडं डिझेलमध्ये टाकून हलवलं तर मिसळलं नाही, खाली बसलं. आपल्याला रसायनशास्त्र बारावीपुरतं. ह्यात असतं तरी काय, कुणी नीट सांगेल का?

धुळेकर_भो
डिझेलना पंप बंद पाडस का काय भो! 😀 आधी त्या माणसाच्या गाडीत टाकून पाहा.

भट्टीवाला
आमच्या फाउंड्रीत टायरपासून काढलेलं पायरोलिसिस ऑइल जळतं. वास घाण, पण जळतं झकास. हेही तसंच असणार, त्यात एवढं काय विचारायचं?

बाष्प_आणि_राख
भट्टीवाला दादा, इथेच बहुतेकांची गल्लत होते आणि विकणाऱ्यांचं फावतं. प्रक्रिया एकच आहे, हवेशिवाय तापवणं. पण टायर म्हणजे रबर, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. त्यातून हायड्रोकार्बनच निघतात, सोबत गंधक. म्हणून ते डिझेलच्या जातीचं, किलोला 40 मेगाज्यूलच्या वर उष्णता देणारं. काडीचं तसं नाही. काडीच्या कोरड्या वजनात चाळीस-पंचेचाळीस टक्के ऑक्सिजनच असतो आणि तो तापवल्यावर सगळा पळून जात नाही, बराचसा द्रवात उतरतो.

काळी_कसदार भाऊ, जरा लांबण लावतो.

काडीत तीन मुख्य गोष्टी असतात : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज (दोन्ही साखरांच्या साखळ्या) आणि लिग्निन (त्यांना घट्ट बांधणारा पदार्थ). तापमान चढत जातं तशा त्या वेगवेगळ्या टप्प्यांवर तुटतात. हेमिसेल्युलोज साधारण 220 ते 315 अंश सेल्सिअसला, सेल्युलोज 315 ते 400 ला. लिग्निन आधीपासून सुरू होऊन पार पुढेपर्यंत रेंगाळतं, त्याचा बराच भाग कोळशात जातो.

हेमिसेल्युलोजला ॲसिटिल गट चिकटलेले असतात. ते सुटले की ॲसेटिक ॲसिड. तुमच्या नाकात झोंबतं ते बरंचसं हेच, सोबत फॉर्मिक ॲसिड. त्यातल्याच पाच कार्बनी साखरांमधून फरफ्युराल येतं. सेल्युलोज स्वच्छ असेल तर त्यातून लिव्होग्लुकोसान नावाची पाणी गमावलेली साखर येते. क्षार असले तर तीच साखळी भलतीकडे तुटून हायड्रॉक्सीअसिटाल्डिहाइड आणि हायड्रॉक्सीअसिटोन देते. लिग्निनमधून येतात फिनॉलं : ग्वायाकॉल, सिरिंगॉल, कॅटेकॉल, क्रेसॉल, थोडं व्हॅनिलिन. आणि लिग्निनचे जे तुकडे पुरते तुटलेच नाहीत ते चिकट, जड रेणूही द्रवात येतात. त्यांना पायरोलिटिक लिग्निन म्हणतात.

वजनाने हिशेब सांगतो. लाकडाच्या, झटपट पद्धतीने बनवलेल्या चांगल्या बायो-ऑइलचा. पाणी 15 ते 30 टक्के. पायरोलिटिक लिग्निन 15 ते 30. अल्डिहाइडं 10 ते 20. आम्लं 10 ते 15. साखरेच्या जातीचे पदार्थ 5 ते 10. साधी फिनॉलं 2 ते 5. फ्युरानं, कीटोनं, अल्कोहोलं थोडी थोडी. ओळख पटलेली संयुगं तीनशेच्या वर जातात. पीएच अडीचच्या आसपास, घनता 1.2, उष्णता किलोला 16 ते 19 मेगाज्यूल. डिझेल 43 च्या आसपास.

डिझेलमध्ये ते का मिसळलं नाही ते आता दिसेल. पाणी, आम्ल, साखर आणि अल्डिहाइडं पाण्याच्या बाजूची मंडळी, डिझेल चरबीच्या बाजूचं. आणि घनता जास्त म्हणून तळाला.

काळी_कसदार
खूप आभार सर. म्हणजे बाटलीत चौथा हिस्सा पाणीच? रिपोर्टमध्ये तर पाण्याचं नावही नाही!

बाष्प_आणि_राख
नसणारच. रिपोर्टमधली काही नावं इथे टाकता का? टक्के नकोत, नुसती नावं. कंपनीचं नावही नको.

बामणोदकर
तज्ज्ञ मंडळींत मधेच घुसतो. धुराचा वास म्हणालात म्हणून. आमच्याकडे भरिताची वांगी पऱ्हाटीवर नाहीतर तुराट्यांवरच भाजतात. गॅसवर भाजलेल्याला तो वास येत नाही म्हणजे नाहीच. हा वास त्याच रसायनांचा का?

बाष्प_आणि_राख
अगदी त्याच! ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल. धुराच्या वासातला मोठा वाटा या दोघांचा, आणि दोन्ही लिग्निनमधून. कापूस आणि तूर दोन्ही द्विदल झाडं, त्यांच्या लिग्निनमध्ये दोन्हींचे घटक असतात म्हणून वास भरदार. देवदार-चीडसारख्या लाकडात सिरिंगॉलचा घटक जवळपास नसतोच, तिथे ग्वायाकॉलचाच वरचष्मा. मका, ज्वारी ही गवतं. त्यांच्या काडीतून विनाइल फिनॉल आणि विनाइल ग्वायाकॉल ठळक येतात, कारण त्यांच्या पेशीभित्तींत कुमारिक आणि फेरुलिक आम्लं जोडलेली असतात. म्हणजे द्रवातल्या फिनॉलांवरून काडी कुठल्या घराण्यातली ते ओळखता येतं.

परदेशात 'लिक्विड स्मोक' विकतात, मांसाला धुराची चव द्यायला. ते मुळात लाकडाच्या धुराचं पाण्यात उतरलेलं अंग. त्यातलं डांबर काढून टाकलेलं असतं, तापमानही सांभाळलेलं असतं, कारण फार तापवलं की बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगं बनतात. त्यामुळे काळी_कसदार भाऊंच्या बाटलीतलं थेंबभरही भरितात टाकू नका. हसण्यावारी नेऊ नका, असले प्रयोग करणारे भेटतात.

बामणोदकर
आम्ही पऱ्हाटीवालेच बरे. 🙏

काळी_कसदार
सर, नावं अशी आहेत (जशी लिहिलीत तशी देतो, उच्चार चुकले तर सांभाळून घ्या) : फिनॉल, 2-मिथॉक्सी फिनॉल, 2,6-डायमिथॉक्सी फिनॉल, फरफ्युराल, 1-डोडेसीन, डोडेकेन, 1-टेट्राडेसीन, टेट्राडेकेन, 1-हेक्झाडेसीन, हेक्झाडेकेन, असंच पुढे ऑक्टाडेकेन वगैरे. मग सायक्लोहेक्झासिलोक्सेन काहीतरी, आणि बिस 2-इथाइलहेक्झाइल थॅलेट. सगळ्यात मोठे आकडे त्या '-सीन' '-केन' वाल्यांचे.

जळगावची_मैना
मी जळगावला रसायनशास्त्रात एमएस्सी करते. सिलोक्सेन वाचून हसू आलं, सॉरी. तो बहुतेक जीसीच्या कॉलमचाच (यंत्रातल्या बारीक लांब नळीचा) झिजलेला थर असतो, नमुन्यातला नाही. आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. थॅलेटही प्लॅस्टिकच्या नळीतून किंवा बाटलीच्या झाकणातून येतं. पण माझा एक प्रश्न. आम्ही पण आलेखातल्या पीकचे (शिखरांचे) टक्के लिहितो आणि बेरीज 100 च येते. ते वजनाचे टक्के नाहीत का?

बाष्प_आणि_राख
मैनाताई, नाहीत. तो आलेखाखालच्या क्षेत्रफळाचा वाटा. जे यंत्राला दिसलं त्याचेच 100 वाटे करून यंत्र छापतं. जे दिसलंच नाही ते बेरजेत नाही. बायो-ऑइलच्या बाबतीत न दिसणारं अर्ध्याहून जास्त असतं. पाणी दिसत नाही. फॉर्मिक, ॲसेटिक बऱ्याचदा सॉल्व्हंटच्या (नमुना ज्यात विरघळवतात त्या द्रवाच्या) वेळेतच, नोंद सुरू होण्याआधी, निघून जातात. जड साखरा आणि पायरोलिटिक लिग्निन वाफ होऊन कॉलमपर्यंत पोचतच नाहीत, इंजेक्टरमध्येच जळून बसतात. साधारण 40 टक्के वजन जीसीला दिसतं. वर प्रत्येक संयुगाला डिटेक्टरचा प्रतिसाद वेगळा. म्हणून 'फिनॉल 30 टक्के' असं कुठे वाचलं तर ते 30 टक्के वजन समजायचं नाही. छापून आलेल्या निबंधांतही हा घोळ सर्रास असतो, आणि मला त्याचा मनापासून राग आहे.

पण खरी गंमत त्या जोड्यांत आहे. डोडेसीन-डोडेकेन, टेट्राडेसीन-टेट्राडेकेन, हेक्झाडेसीन-हेक्झाडेकेन. एकाच लांबीचा एक असंपृक्त, एक संपृक्त, आणि जोडीमागून जोडी. ही पॉलिथिनची सही आहे. पॉलिथिन तापवलं की त्याची लांब साखळी अशीच कुठेही तुटते. कापसाच्या पानात आणि सालीत मेण असतं, त्यातून हायड्रोकार्बन येतात, पण ती लांब साखळ्यांची, विषम कार्बनांची जास्त, आणि एकूण अगदी थोडी. सगळ्यात मोठे आकडे त्यांचे असूच शकत नाहीत.

केळी_बागायतदार
पॉलिथिन म्हणजे ठिबकच्या नळ्या? मल्चिंग पेपर? काडीसोबत गोळा करताना आले असतील हो. आमच्या रावेर-यावलला तर काडीकचरा आणि नळीचे तुकडे वेगळे करणं म्हणजे मजुरीच निघत नाही.

बाष्प_आणि_राख
शक्य आहे. नळी आणि पेपर दोन्ही त्याच जातीचे. पण दोन शक्यता उरतात. एक, त्यांच्या भट्टीत प्लॅस्टिक बरंच होतं, चुकून किंवा मुद्दाम. प्लॅस्टिक घातलं की द्रव डिझेलसारखा पेटतो, उष्णतेचा आकडा फुगतो. दुसरी, रिपोर्ट ज्या नमुन्याचा आहे तो तुमच्या बाटलीतला नाहीच. मला दुसरी जास्त पटते. हायड्रोकार्बन इतके असते तर तुम्ही हलवलं तेव्हा निदान काही भाग डिझेलमध्ये विरघळला असता, वरचं डिझेल गडद झालं असतं.

काळी_कसदार
वरचं डिझेल जवळपास होतं तसंच राहिलं सर. किंचित पिवळट.

बाष्प_आणि_राख
मग बाटली काडीचीच, रिपोर्ट दुसऱ्या कशाचा तरी. आता 600 लिटरचं पाहू. घनता 1.2 धरली तर 600 लिटर म्हणजे 720 किलो. टनाला 72 टक्के द्रव. हा आकडा खोटा नाही, पण तो कशाचा ते पाहा. काडी दोन-तीन मिलिमीटरपर्यंत बारीक केलेली, ओलावा 10 टक्क्यांखाली, 500 अंशांच्या आसपास गरम वाळूत टाकलेली, आणि वाफ दोन सेकंदांच्या आत बाहेर काढून थंड केलेली, तेही स्वच्छ लाकूड असेल तर. नेदरलँड्समध्ये हेंगेलोला 2015 मध्ये असा कारखाना सुरू झाला. ड्रममध्ये चार-पाच तास शिजवणं ही संथ पद्धत. त्यात वजनाने साधारण 35 टक्के कोळसा, 30 टक्के द्रव, 35 टक्के वायू. आणि त्या 30 टक्क्यांत पाणीच जास्त. वाफ गरम जागी रेंगाळली की पुन्हा तुटते, कोळशावर चिकटते, पाणी आणि वायू होते.

म्हणजे दावा हेंगेलोचा आणि यंत्र कोळशाच्या भट्टीचं.

धुळेकर_भो
बठ्ठं धूरमा गयं भो!

केळी_बागायतदार
सर, आमच्या खांबांचं काय? घड कापला की खांब पडूनच असतो. ट्रॉल्याच्या ट्रॉल्या.

बाष्प_आणि_राख
पायरोलिसिससाठी केळीचा खांब मला सर्वांत वाईट कच्चा माल वाटतो. ओल्या खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, ते उडवण्यातच सगळी उष्णता जाणार. वाळवला तरी त्यात पोटॅश भरपूर. पोटॅशियम उत्प्रेरकासारखं वागतं. लिव्होग्लुकोसान घटतं, हायड्रॉक्सीअसिटाल्डिहाइड, पाणी, वायू आणि कोळसा वाढतो. द्रव कमी आणि तोही पाणचट. शेतात कुजवा, पोटॅश जमिनीला परत मिळेल. धाग्यासाठी काढलेत तर तेही चांगलं.

अन्नपूर्णा_शहादा
पोटॅशवरून विचारते. आमच्याकडे पऱ्हाटी कधी कधी अवकाळीत भिजते, मग चुलीत राख कमी पडते असं सासूबाई म्हणतात. पाण्याने पोटॅश धुऊन जातं का? दुसरं, गावात एक जण असलंच धुराचं पाणी फवारणीला विकतो, 'लाकडाचा सिरका' म्हणून. मारावं का?

बाष्प_आणि_राख
सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे ताई. काडीतलं पोटॅशियम बरंचसं पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असतं, साध्या पाण्यानेही उतरतं. प्रयोगशाळेत काडी धुऊन मग पायरोलिसिस केलं की लिव्होग्लुकोसान कित्येक पटींनी वाढलेलं दिसतं. फक्त धुतलेली काडी पुन्हा वाळवायची कुणी? आणि माती लागलेली काडी असेल तर सिलिकाची राख धुतल्याने माती गेली तेवढीच जाते.

फवारणीचं सरसकट हो किंवा नाही सांगणार नाही. त्या सिरक्यात ॲसेटिक ॲसिड आणि फिनॉलं असतात, घट्ट मारला तर पानं करपतात, तण मारायला तो वापरतात तो त्यामुळेच. जपानमध्ये तो वापरण्याआधी महिनोन्‌महिने स्थिर ठेवतात, वरचा हलका थर आणि तळाचं डांबर टाकून मधलाच घेतात, आणि तोही शेकडो पट पाण्यात. गावातला माणूस हे करतो का विचारा. नसेल तर पंपात भरू नका.

जुना_जिनिंगवाला
अवांतर : हे सगळं नवं नाही. पेट्रोलियमची रसायनं येण्याआधी ॲसेटिक ॲसिड, मिथेनॉल, ॲसिटोन लाकूड कोंडून तापवूनच काढत. विश्वेश्वरय्यांच्या काळात कर्नाटकातल्या भद्रावतीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला तेव्हा त्याला जोडून लाकूड-ऊर्ध्वपातनाचा मोठा विभाग होता. भट्टीला कोळसा हवा होता, रसायनं वरकमाई. म्हणजे कोळसा मुख्य आणि द्रव दुय्यम. ह्या प्रस्तावात नेमकं उलटं दाखवतायत.

बाष्प_आणि_राख
+1. काळी_कसदार भाऊ, तुमच्या ड्रमचा खरा माल कोळसाच आहे. त्या हिशेबाने धंदा बसतो का पाहा. तोटीतून निघणारा वायू आणि वाफ थंड न करता सरळ त्याच भट्टीखाली जाळली तर बाहेरचं इंधनही वाचतं.

भट्टीवाला
सर, माझा मुद्दा अजून उरलाच. इंजिनात नाही चालणार, मान्य. पण बर्नरमध्ये?

बाष्प_आणि_राख
चांगलं बनवलेलं बायो-ऑइल बर्नरमध्ये जळतं. अमेरिकेत त्यासाठी एएसटीएम डी7544 हे मानकही आहे. पण तुमचा चालू बर्नर चालणार नाही. पीएच अडीचचा द्रव साध्या लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला खातो. स्टेनलेस किंवा एचडीपीई प्लॅस्टिक लागतं, रबरी सील फुगतात. पेटवायला आधी गॅस किंवा डिझेल लागतं. लिटरच्या हिशेबात उष्णता डिझेलच्या निम्म्याहून थोडी जास्त.

आणि साठवण. हा द्रव स्वस्थ बसत नाही. भट्टीतून घाईघाईने बाहेर काढलेली संयुगं टाकीत आपापसांत भिडत राहतात. आम्ल आणि अल्कोहोलचं एस्टर आणि पाणी. अल्डिहाइड आणि फिनॉल जोडून राळ, बेकेलाइट बनतं त्याच मार्गाने. दिवसेंदिवस घट्टपणा वाढतो, पाणी वाढतं, मग एक दिवस पाणी वर आणि डांबर खाली असे दोन थर. हे लवकर तपासायचं तर नमुना घट्ट बंद करून 80 अंशांवर 24 तास ठेवतात. त्यात जेवढा घट्टपणा वाढतो, तेवढा साध्या तापमानाला वर्षभरात वाढतो असा ढोबळ अंदाज आहे. आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होईल याचा विचार करा. दहा टक्के मिथेनॉल मिसळलं तर वेग बराच मंदावतो, पण त्याचा खर्च वेगळा.

शुद्ध करायला डिस्टिल करू म्हणाल तर तेही नाही. तापवलं की राळ होते आणि तळाला 35 ते 50 टक्के घट्ट अवशेष उरतो.

काळी_कसदार
पुढच्या आठवड्यात संचालकांची बैठक आहे. तो माणूसही येणार. त्याच्याकडे नेमकं काय मागू?

बाष्प_आणि_राख
आधी एक गोष्ट. तुमच्या काडीची, तुमच्यासमोर, वजन करून एक भट्टी लावायला सांगा. काडी किती, द्रव किती, कोळसा किती, तराजूवर. मग त्याच द्रवाचा नमुना तुम्ही स्वतः तपासायला द्या. पाणी कार्ल फिशर पद्धतीने. उकळून पाणी मोजणारी पद्धत चालत नाही, पाण्यासोबत ॲसेटिक वगैरेही येतं. मग आम्लांक, राख, गाळून उरणारे कोळशाचे कण, कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजन, उष्णता, आणि 80 अंशांच्या परीक्षेआधीचा व नंतरचा घट्टपणा. जीसी-एमएस सगळ्यात शेवटी. तो सुटसुटीत दिसतो म्हणून लोक तोच आधी दाखवतात.

अन्नपूर्णा_शहादा
आणि जे पाणी निघेल ते सोडणार कुठे? नाल्यात? नाला नदीत, नदीकाठी विहिरी. कुणी बोलतच नाहीये.

बाष्प_आणि_राख
ताई, हा प्रश्न बैठकीत सगळ्यात आधी विचारायला हवा. त्या पाण्यात फिनॉलं असतात, आणि पिण्याच्या पाण्यात फिनॉलची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे. विहिरीत क्लोरीन टाकलं की त्यांची क्लोरोफिनॉलं होतात, चव-वास आणखी बिघडतो. प्रदूषण मंडळाची संमती कुणाच्या नावावर असेल, तुमच्या कंपनीच्या की विकणाऱ्याच्या, ते लेखी घ्या.

काळी_कसदार
हे त्याने काढलंच नव्हतं. लिहून ठेवलं. मैनाताई, तुमच्याकडे कार्ल फिशर होतं का?

जळगावची_मैना
विभागात आहे. फी किती ते सरांना विचारून सोमवारी सांगते. नमुना काचेच्या बाटलीत आणा, रबरी बूच नको, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण बघा. वरपर्यंत भरा, हवा कमी राहू द्या, आणि फ्रिजमध्ये ठेवा. पण घरच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी नाही हं. थर झाले असतील तर हलवून एकजीव करून मगच भरा, नाहीतर नुसतं वरचं पाणी येईल माझ्याकडे.